एरंडाचं गुऱ्हाळ

माझ्या दुकानात लोक एक तोंड घेऊन येतात आणि आठ घेऊन जातात. दुकान कसलं, बसस्टँडसमोरचा दहा बाय बाराचा गाळा. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो. मागे निळा पडदा, समोर प्लास्टिकचं स्टूल, "हनुवटी जराशी खाली", खट्. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या चौकटीत तोंड बसलं की खरं काम सुरू होतं. पोलीस भरतीचा पोरगा असो की बारावीची पोरगी, फोटो स्क्रीनवर आला की माझ्या खुर्चीमागून हळू आवाज येतो, "दादा, थोडं साफ करून द्या न."

मग मी माउस फिरवतो. शेजारच्या चांगल्या कातडीचा तुकडा उचलायचा आणि मुरमावर ठेवायचा. दोन मिनिटांत गाल शेणानं सारवलेल्या अंगणासारखा सपाट. दहा वर्षांत मी किती हजार मुरूम असे बुजवले असतील, हिशेब नाही. आणि हे सगळं करणाऱ्या माझ्या स्वतःच्या तोंडाकडं बघून गिऱ्हाईक गालातल्या गालात हसतं. आमच्या गावच्या पांदण रस्त्याला गेली कित्येक वर्षं मुरूम पडलेला नाही. तो सगळा याच्या तोंडावर टाकला, असं माझे दोस्त म्हणतात. बिल मात्र ग्रामपंचायतीत निघालं असेल, असंही म्हणतात.

वय एकोणतीस. या वयात मुरूम जायला हवे होते. "लग्न झालं की जातात" असं ज्यांनी सांगितलं त्यांना एवढंच सांगायचं राहिलं की मुरूम असले की लग्न ठरत नाही. शेतकऱ्याच्या घरचा पोरगा, वर खेड्यात दुकान, त्यात असं तोंड. मागच्या वर्षी कारंज्याकडच्या पाव्हण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, शेतीची चौकशी केली आणि निघताना त्यांच्यातल्या एका मावशीनं माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोट्ट्याचं रक्त खराब हाय का व?" आईनं रात्री मला हे सांगितलं नाही. वहिनीनं सांगितलं.

पहिला मुरूम नववीत आला. आमच्या शाळेत एक गुरुजी होते, त्यांचा स्वच्छतेवर फार जोर. वर्गाच्या भिंतीवर गाडगेबाबांचं चित्र, हातात खराटा, डोक्यावर फुटकं गाडगं. बाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हा स्वच्छता हा आमच्याकडे घरचाच विषय. गुरुजींनी मला बरोबर त्या चित्राखाली उभं केलं आणि विचारलं, "तोंड धुते का नाही रोज?" वर्ग हसला. मी पण हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

त्या दिवसापासून मी दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड धुवायला लागलो. गाडगेबाबांचा यात काही दोष नाही. ते जिथं घाण दिसली तिथं खराटा फिरवायचे. माझ्या गालावर घाण नव्हती, एवढाच फरक होता. पण तो मला सांगणारं माणूस भेटायला पुढची चौदा वर्षं लागली.

इथं पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. जमीन अशी काळीभोर की कपाशी, तूर, मूग, हरभरा बघत राहावा. आणि जमिनीतलं पाणी असं की तोंडात धरवत नाही. प्यायचं पाणी शहानूर धरणावरून नळानं येतं, तेही रोज नाही. ते गुंड्यांत आणि माठांत भरून ठेवायचं. आंघोळ, धुणं, भांडी आणि तोंड हे सगळं बोअरच्या पाण्यावर. या पाण्यात साबणाला फेस धरत नाही. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचं लग्न लागतं आणि पांढरा, चिकट, न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या काठाला तो दिसतो. कातडीवर दिसत नाही, पण बसतो तिथंही. फेस येत नाही म्हणून आपण वडी आणखी घासतो. साबणाचा पीएच, म्हणजे आंबट-खारेपणाचं माप (सात म्हणजे मधोमध), ९-१० च्या घरात, तर कातडी स्वतःला ५ च्या आसपास, किंचित आंबट ठेवते. दिवसातून पाच वेळा मी तिचं हे गणित मोडत होतो आणि वर खरखरीत टॉवेलनं पुसत होतो. गाल ताणल्यासारखे व्हायचे, नाकाच्या कडेनं पापुद्रे सुटायचे. मला वाटायचं, ताणतंय म्हणजे साफ झालं.

मधल्या काळात गावानं सुचवलेलं सगळं झालं. जायफळ उगाळून लावलं. लिंबू चोळलं, टूथपेस्ट लावली. कडूनिंबाचा पाला वाटून लावला, वाटून प्यालोसुद्धा. सकाळची बाशी थुंकी लावायचा सल्ला तर चार वेगवेगळ्या माणसांनी दिला, आणि चौघांनीही तो मोठ्या गुपितासारखा कानात सांगितला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला एका मेडिकलवाल्यानं न विचारता एक ट्यूब काढून दिली. चार दिवसांत तोंड आरशासारखं. मी तिला देव मानलं. बंद केली की आठवड्यात गाल लालबुंद, आग, आणि मुरूम दुप्पट. पुन्हा ट्यूब. असं वर्षभर. तिच्यात स्टेरॉइड होतं हे मला फार उशिरा, पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं वाचताना कळलं. अशा मलमांनी बिघडलेले चेहरे आपल्या देशात इतके झाले की २०१८ साली सरकारला ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक करावे लागले. नियम कागदावर आहे. ट्यूब अजून काउंटरवर आहे.

तेलाचं खूळ शिरलं ते त्या कारंज्याच्या पाव्हण्यांनंतर. रात्री झोप येईना, मोबाइल हातात. कुठं तरी वाचलं की तोंड तेलानं धुवायचं. थोडं एरंडेल, त्यात एखादं पातळ तेल, हळूहळू चोळायचं, गरम पाण्यात पिळलेलं फडकं तोंडावर ठेवायचं आणि पुसून काढायचं. साबण नाही, फेस नाही. आधी वाटलं हा मुरमांना मेजवानीचा प्रकार आहे. पण त्यामागचं कारण वाचलं आणि ते पटलं, कारण ते मला रोज घरी दिसत होतं. ट्रॅक्टरचं काम झालं की बाबांचे हात ग्रीसनं माखलेले असतात. ते आधी पाण्याकडे जात नाहीत. आधी डिझेलचा बोळा फिरवतात, मग हात धुतात. तेलकट ते तेलात सुटतं. कातडीतून पाझरणारा तेलकटपणाही तसाच तेलात सुटेल, हा हिशेब.

आता तेल आणायचं कुठून? पातळ तेल म्हणून करडईचं नाव वाचलं आणि मला हसू आलं. बाबांच्या उमेदीत हरभऱ्याच्या चहूबाजूंनी करडईचे तास असायचे. काटेरी झाड, त्यामुळं मोकाट ढोरं आत शिरत नसत. कुंपणाचं कुंपण आणि तेलाचं तेल. काढणीला हाताला चिंध्या बांधून जावं लागायचं. आता आमच्या शिवारात करडईचं झाड दाखवा आणि बक्षीस घ्या. गावातला तेलघाणा बंद पडून एक पिढी झाली, त्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. तेच करडईचं तेल मी अमरावतीहून आणलं. 'लाकडी घाण्याचं' असं ठसठशीत लिहिलेली बाटली, साध्या तेलाच्या दुपटीहून जास्त किंमत. बाबांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हे तर आपण बैलाले पाजत होतो."

एरंडेल विकत मिळतं, पण त्यावर आई अडून बसली. "एरंड बांधावर हाय न आपल्या, विकत कायले?" तिच्या सासूला, म्हणजे माझ्या आजीला, घरी एरंडेल काढता येत होतं. बाळंतिणीसाठी, लेकराच्या टाळूसाठी, सांधे दुखले तर, डोळ्यात घालायच्या काजळासाठी. आईनं ते कधी एकटीनं केलं नव्हतं. तिला ते करून बघायचं होतं आणि माझं तोंड हे निमित्त झालं, असा माझा आजही संशय आहे.

नोव्हेंबरात आम्ही दोघांनी बांधावरचे घोस तोडले. अंगणात वाळत घातले. दुपारच्या उन्हात बोंडं तडतड उकलायची आणि बिया अंगणभर उडायच्या. करड्या रंगाच्या, तपकिरी नक्षीच्या, गोचिडासारख्या दिसणाऱ्या. आई पुतणीला सारखी हाकलत होती. "एक बी तोंडात टाकशीन तं खबरदार." हे खरंच आहे. एरंडाच्या बीत रायसिन नावाचं जबरदस्त विष असतं. तेलात ते उतरत नाही, चोथ्यात राहतं, आणि उकळीनं मरतं. आजीला रायसिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण पेंड ढोराला घालायची नाही, खड्ड्यात टाकायची, हे तिनं सुनेला पक्कं शिकवलं होतं.

मग बिया लोखंडी कढईत भाजल्या. उखळात कुटल्या. एक काळपट, तेलकट लगदा झाला. तो मोठ्या गंजात पाणी घालून चुलीवर चढवला. गॅसवर चालणार नाही असं आईचं म्हणणं, त्याला शास्त्रीय आधार काही नाही, पण वासाचा आहे. दुपारभर उकळत होतं. घरात असा दर्प की वहिनी पुतणीला घेऊन शेजारी जाऊन बसली. हळूहळू पाण्यावर पिवळट तवंग धरू लागला. आई पळीनं तो अलगद उचलायची आणि वाटीत घालायची. एक पळी, थांबा. दुसरी पळी, थांबा. बाबा शेतातून आले, चुलीसमोर आम्ही दोघं मांडी घालून बसलेले पाहिले आणि म्हणाले, "एरंडाचं गुऱ्हाळ ऐकलं होतं, आज पाह्यलं." ज्यांना हा वाक्प्रचार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उसाच्या गुऱ्हाळातून गूळ निघतो, एरंडाच्या गुऱ्हाळातून नुसता वेळ जातो. आमच्या गुऱ्हाळातून मात्र संध्याकाळपर्यंत दोन किलो बियांचं पाव लिटरच्या आसपास तेल निघालं. शेवटी ते पुन्हा तापवून त्यातलं पाणी उडवलं. तडतड थांबली की झालं. मधासारखं दाट. आईनं बोटावर घेऊन उजेडात धरलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मिश्रण ठरलं: एक भाग एरंडेल, तीन भाग करडई. एरंडेलात ८५-९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं, त्यामुळं ते एवढं चिकट. एकटं लावलं तर फडकं गालावरून सरकत नाही. खोबरेल का नाही, हा प्रश्न आईनं विचारला, कारण घरात तेच होतं. त्याचं उत्तर सशाच्या कानात आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन या त्वचातज्ज्ञानं सौंदर्यप्रसाधनं आणि त्यातले घटक सशाच्या कानाच्या आत लावून पाहिले. कुठल्यानं छिद्रं बुजतात, कुठल्यानं नाही. पुढं त्यातून शून्य ते पाच अशी गुणपत्रिका तयार झाली आणि ती आजही मोबाइलवर फिरते. खोबरेलाला त्यात चार. पण सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा कितीतरी नाजूक, हे पुढं त्याच शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. सशाला जे भोवतं ते माणसाला भोवेलच असं नाही. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग ससा कायले छळला?" मला काही सुचलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरुवात झाली. जेवणं आटपली की मी न्हाणीत जायचो. तळहातावर तेल, दोन्ही हात घासून कोमट करायचे आणि तोंडावर फिरवायचे. कपाळ, नाकाच्या कडा, हनुवटी. तीन-चार मिनिटं. मग गरम पाण्यात पिळलेला दुपट्टा तोंडावर. थंडीच्या रात्री तो ओला उबारा तोंडावर घेऊन डोळे मिटून उभं राहणं, हे सुख मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी आई दारात येऊन उभी राहिली. "वड्याचं तेल वांग्यावर ऐकलं होतं बाप्पा. हे कशाचं कशावर हाय?" बाबांचा शेरा वेगळा: "कुस्ती हाय का उद्या?"

एक गोष्ट मला त्या चार मिनिटांत जाणवली, ती लिहून ठेवतो. चौदा वर्षांत माझा हात माझ्या गालावर गेला तो शोधायला. नवीन कुठं आला, पिकला का, फुटेल का. तेलाच्या बोटांना नख लागत नाही, बोट निसटतं. फोडता येत नाही म्हणून फोडलं नाही. नुसता हात फिरत राहायचा, वरखाली, जशी आई वासराच्या पाठीवर फिरवते तसा.

आता निकाल. माझ्याकडं निळा पडदा होता, ठरलेला दिवा होता, कॅमेरा होता. दर सोमवारी दुकान उघडलं की आधी स्वतःला स्टुलावर बसवून टायमरवर एक फोटो. साफ न करता. चार आठवड्यांनी सगळे शेजारी शेजारी लावले आणि हरखलो. लाली उतरली होती. नाकाच्या कडेचे पापुद्रे गेले होते. चेहरा ताणलेला दिसत नव्हता. नाकावरचे काळे ठिपके फिके झाले होते. हा काळा रंग मळाचा नसतो. छिद्राच्या तोंडाशी अडकलेला ऐवज हवा लागून काळवंडतो आणि त्यात कातडीचा रंगही असतो. गिऱ्हाईकं म्हणायला लागली, "भाऊ, काय लावून राहिले?" मी दोन बाटल्या भरून दोस्तांना वाटल्यासुद्धा.

पण फोटोचा धंदा करणारा माणूस मोजतो. डाव्या गालावरचे मोठे, दुखरे मुरूम मी मोजले. पहिल्या सोमवारी सात. मग सहा. मग सात. पाचव्या सोमवारी आठ. म्हणजे जे बदललं होतं ते मुरमांच्या भोवतालचं रान होतं, मुरूम होते तिथंच होते. मग डोक्यात आलं की या महिन्यात मी दोन गोष्टी एकदम केल्या. तेल सुरू केलं आणि साबण सोडला. फळ कोणाचं? जानेवारीत पंधरा दिवस तेलही बंद ठेवलं. नुसतं माठातलं गोडं पाणी, दिवसातून दोनदा. आईनं पाण्याच्या नासाडीवरून बोलणी घातली. फोटोत काही फरक पडला नाही. लाली परत आली नाही. श्रेयातला मोठा वाटा साबण सोडण्याचा आणि खारं पाणी टाळण्याचा होता. माझं पाव लिटर एरंडेल बरचसं साक्षीला उभं होतं. एवढं गुऱ्हाळ करून हे कबूल करायला जड गेलं. आईला तर मी ते आजवर सांगितलेलं नाही.

तरी तेल पुन्हा सुरू केलं. सवय लागली होती, आणि थंडीत बरं वाटत होतं. तिथं चुकलो.

होळी झाली. आमच्याकडे होळीनंतर ऊन नुसतं तापत नाही, चावतं. पारा चाळीसच्या वर, एप्रिल-मेत पंचेचाळीसपर्यंत. दिवसा घाम, तोंडाला दुपट्टा बांधलेला, रात्री कूलरसमोर ओलसर वाऱ्यात झोप. आणि तोंडावर तेलाचा राहिलेला थर. फडक्यानं कितीही पुसलं तरी नुसतं तेल पूर्ण निघत नाही. डाळीचं पीठ लावून पाहिलं तर ते दाढीच्या खुंटांत अडकायचं आणि सकाळी मी भज्यासारखा दिसायचो. एप्रिलमध्ये कपाळभर बारीक, एकसारखे, खाजरे पुरळ उठले. मोहरी सांडल्यासारखे. मी समजलो, घाण बाहेर पडतेय. मोबाइलवर याला सुंदर शब्दही आहेत. चांगलं व्हायच्या आधी वाईट होतं, वगैरे. त्या भरवशावर मी आणखी तीन आठवडे जास्त तेल चोळलं.

मेमध्ये अमरावतीला त्वचेच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. सोबत मोबाइलमध्ये वीस सोमवारचे फोटो. त्यांनी ते एकेक करून, झूम करून पाहिले. असा पेशंट आधी आला नव्हता म्हणाल्या. कपाळावरचं ते मुरूम नव्हतेच. मॅलेसेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर राहते. तिला लागणारी चरबी तिला स्वतःला बनवता येत नाही, बाहेरून मिळावी लागते. मी तिला घाम, दमटपणा आणि रोज रात्री ताजं तेल देत होतो. खाजतं आणि सगळे एका मापाचे असतात, ही तिची खूण. तिच्यासाठी केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध.

मग गालाकडे वळल्या. मी सवयीनं आधीच सांगून टाकलं, "तोंड रोज धुतो मॅडम." त्या म्हणाल्या, "मुरूम म्हणजे मळ नाही. धुऊन जाणार असते तर कधीच गेले असते." आणि कागदावर पेनानं एक छिद्र काढून दाखवलं. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी. छिद्राच्या आतल्या पेशी गळून बाहेर पडायच्या त्या चिकटून बसतात, बूच बसतं. मागं तेल साचतं. त्या बंद, बिनहवेच्या जागेत एक जिवाणू माजतो, आणि शरीर त्याच्याशी भांडायला लागलं की लाल, दुखरा फोड. हे सगळं कातडीच्या आत. सुरुवातीपासून दिसेपर्यंत कितीतरी आठवडे जातात. म्हणजे आज गालावर दिसतोय त्याची पेरणी मागच्या महिन्या-दोन महिन्यांतली. वरून साबण लावा नाही तर तेल, तिथवर पोचत नाही. करडईच्या तेलातल्या लिनोलेइक आम्लाचंही मी विचारलं. मुरूम येणाऱ्यांच्या कातडीच्या तेलात ते कमी सापडतं, हे मी वाचलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, "वाचलंय ते खरं आहे. पण विहिरीत पाणी कमी आहे म्हणून विहिरीच्या छपरावर पाणी ओतून चालेल का?"

बाहेर पडल्यावर मी बराच वेळ मोटारसायकलवर नुसता बसून होतो. औषध मिळालं याचं काही वाटत नव्हतं. मला नववीचा वर्ग दिसत होता. गुरुजींना आता उत्तर देता आलं असतं. गुरुजी वारले त्याला चार वर्षं झाली.

औषधाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गंमत काही नाही. रात्री मटाराच्या दाण्याएवढं अ‍ॅडापलिन सगळ्या तोंडाला, सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. अ‍ॅडापलिन हे व्हिटॅमिन ए च्या कुळातलं. त्या कुळातलं पहिलं औषध, ट्रेटिनॉइन, मुरमांवर चालतं हे दाखवणाऱ्यांत पुन्हा तोच सशाच्या कानाचा क्लिगमन होता. पहिला महिना तोंड सोलून निघालं. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मरून दुपट्ट्यावर पांढरे ठिपके पडले. बाबा म्हणाले, "तोंडावरचे दुपट्ट्यावर उतरले." तिसऱ्या महिन्यात डावा गाल सातावरून दोनावर आला. खड्डे आहेत, ते राहतील.

दोस्तांना वाटलेल्या दोन बाटल्या परत मागितल्या. एकानं दिली. दुसऱ्यानं ती सायकलच्या चेनला वापरली होती.

सप्टेंबरात बारावीची एक पोरगी फोटोला आली. फॉर्मची शेवटची तारीख, घाईत. फोटो स्क्रीनवर आला आणि खुर्चीमागून तोच आवाज. साफ करून द्या न दादा. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी. नाकाच्या कडेनं पापुद्रे. मी विचारलं, "तोंड किती वेळा धुते दिवसातून?" तिला वाटलं मी रागावलो. "सहा-सात वेळा धुते न दादा, खरंच." मी म्हटलं, दोनदा बस. गोड्या पाण्यानं. मेडिकलवाल्याकडून मलम आणू नको, आईला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या ओपीडीत जा. माझी ट्यूब दाखवायचा मोह झाला होता, तो आवरला. एकाची ट्यूब दुसऱ्याला द्यायची नाही, आणि हे औषध पोरीबाळींनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावूच नये, हे बाईंनी बजावलं होतं. पोरगी "हो दादा" म्हणत होती, पण नजर स्क्रीनवर. ती थांबली होती, मी माउस कधी हलवतो म्हणून. मी फोटो साफ केला. चाळीस रुपये घेतले. आठ तोंडं कापून पाकिटात घालून दिली.

एरंडेलाचं अजून अर्धं बाटलीभर उरलंय. बाबा टाचांच्या भेगांना लावतात आणि प्रत्येक वेळी त्याची स्तुती करतात, माझ्याकडं बघून. आईला यंदा पुन्हा काढायचंय. बांधावरच्या घोसांवर तिची नजर आहे.

दिवाळीला नरक चतुर्दशीच्या पहाटे तिनं मला नेहमीसारखं पाटावर बसवलं. भोवती रांगोळी, बाजूला पणती, वाटीत कोमट तेल. न्हाणीतून चुलीवरच्या पाण्याचा धूर येत होता. तिनं डोक्याला लावलं, मानेला, पाठीला, दंडाला. एकोणतीस वर्षांच्या घोड्याला ती अजून तितक्याच जोरानं चोळते. मग हात वर आला, गालाजवळ थांबला. उटण्याची वाटी तिनं बाजूला सरकवली आणि पदराला हात पुसला.

"तोंड राहू दे," ती म्हणाली. "ते डॉक्टरीणबाईचं हाय."